रसाच्या पेल्याआडची सिगारेट

सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या घरात बऱ्याचदा एक न बोललेला करार झालेला असतो. त्याने सिगारेट सोडायची नाही आणि घरच्यांनी रोज तो विषय काढायचा नाही. त्याऐवजी सकाळी गाजर-बिटाचा नाहीतर मोसंबीचा रस त्याच्या हातात ठेवायचा. "तेवढीच भरपाई," असं बायको म्हणते आणि तोही पेला रिकामा करतो. त्या रसात माया असते, यात शंका नाही. पण ती माया ज्या हिशेबावर विसंबते, तो हिशेबच खोटा आहे.

हा हिशेब कधीकाळी शास्त्रज्ञांनाही खरा वाटला होता. गाजर, पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. या पदार्थांत बीटा-कॅरोटीन असतं. केशरी गाजराचा रंग त्याचाच. मग तेच गोळीतून दिलं तर? १९८५ साली फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुषांवर प्रयोग सुरू झाला. सगळे पन्नास ते एकोणसत्तर वयाचे, सगळे सिगारेट ओढणारे. निम्म्यांना रोज वीस मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळत होतं, निम्म्यांना नाही. पाच ते आठ वर्षांनी मोजणी झाली. गोळी न घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४०२ रुग्ण आढळले आणि घेणाऱ्यांत ४७४. ज्यांना वाचवायला निघालो, त्यांच्यातच आजार अठरा टक्क्यांनी जास्त!

१९९४ साली हे निष्कर्ष जसेच्या तसे छापले गेले. अमेरिकेत तेव्हा असाच प्रयोग चालू होता. धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले मिळून १८,३१४ जण त्यात होते. बीटा-कॅरोटीनबरोबर जीवनसत्त्व 'अ'ही दिलं जात होतं. तिथेही आकडे उलटे येऊ लागले, तेव्हा जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्या मुदतीच्या एकवीस महिने आधी, संशोधकांनी गोळ्या बंद केल्या. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठ्ठावीस टक्क्यांनी आणि मृत्यू सतरा टक्क्यांनी जास्त होते. वर्षानुवर्षं उराशी धरलेली आशा चुकली, हे त्यांनी जगासमोर मांडलं. या साऱ्या हकिकतीत मला सर्वांत मोठं वाटतं ते हे धैर्य. फुप्फुसं "स्वच्छ" करण्याचा दावा करून रस आणि चूर्णं विकणाऱ्यांकडे त्याचा लवलेशही नसतो. घाबरलेल्या माणसाला खोटा दिलासा विकणं हा अपराधच आहे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. फिनलंडच्या त्याच प्रयोगात, ज्यांच्या रोजच्या जेवणातच बीटा-कॅरोटीन जास्त होतं त्यांना हा कर्करोग कमी झाला होता. म्हणजे गाजर गुन्हेगार नाही. घासातून मिळणारं वेगळं आणि भरमसाट मात्रेत गोळीतून मिळणारं वेगळं. धुराने आधीच होरपळलेल्या फुप्फुसात तेच द्रव्य बदलून अपायकारक होत असावं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं. गाजराचा किंवा मोसंबीचा रस प्यायल्याने कर्करोग होतो, असं या प्रयोगांवरून म्हणता येणार नाही. पण रस धुराची भरपाई करतो, असं म्हणायलाही आधार नाही. सिगारेटच्या धुरात कर्करोगाला कारण ठरणारी जवळपास सत्तर द्रव्यं आहेत आणि प्रत्येक झुरक्याबरोबर ती नव्याने आत जातात.

भरपाईचा हा विचार आपल्या मनात फार खोल रुजलेला आहे. धंद्यात कुणाला नाडायचं आणि देवळाला देणगी द्यायची. घरी सुनेला टोचून बोलायचं आणि पारायण चुकवायचं नाही. दुसरीकडे काही चांगलं केलं की पहिलं सुरू ठेवायला मोकळीक मिळते, अशी आपण मनाची समजूत घालतो. जो नाडला गेला त्याला त्या देणगीतून काहीच मिळत नाही. शरीराचंही तसंच आहे.

पण शरीर एका बाबतीत उदार आहे. डॉल आणि पीटो या संशोधकांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं अभ्यास केला. साठीत सिगारेट सोडली तरी सुमारे तीन वर्षांचं आयुष्य हाती लागतं, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत दहा, असं त्यांना आढळलं. इतकं देणारा रस कुठल्याही गाडीवर मिळत नाही.

म्हणून घरच्यांना विनंती आहे. रस आवडीने द्या, फळ अख्खं दिलंत तर आणखी चांगलं. पण पेला देताना तो टाळलेला विषयही काढा. भांडण म्हणून नको, सोबत म्हणून काढा, कारण निकोटिनची तलफ एकट्याने झेलणं अवघड असतं. आणि ओढणाऱ्यांनो, आपल्या देशात सिगारेटच्या पाकिटावर मदतीचा एक क्रमांक छापलेला असतो: १८०० ११ २३५६. त्याला पैसे पडत नाहीत. पुढची सिगारेट काढण्याआधी तो लावा.