कोणाकडून ऐकले?

इल्मच्या बाबतीत ‘काय ऐकले?’ एवढे विचारून आपले जुने अभ्यासक थांबत नसत. ‘कोणाकडून ऐकले?’ हेही ते विचारत. हदीसचा रावी सच्चा आहे का, त्याची स्मरणशक्ती कशी, ज्याचे नाव तो घेतो त्याला तो खरोखर भेटला होता का, हे तपासले जाई. पुष्कळांनी सांगितले म्हणून मानायचे, तर ते एकमेकांचे ऐकून तर बोलत नाहीत ना, हेही पाहिले जाई.

आता संगणकाला इंटरनेटवरचा मजकूर वाचायला लावून ज्ञान देतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१० पासून ‘नेल’ नावाची प्रणाली असे रात्रंदिवस वाचू लागली. संकेतस्थळे आपल्या संगणकात ज्या खुणा ठेवतात त्यांना ‘कुकीज’ म्हणतात. ‘नेल’ने त्या भट्टीतल्या पदार्थांत जमा केल्या. चूक माणसांनी सुधारली. हसून सोडून देण्यासारखीच होती ती.

मराठीचे उदाहरण मला हसण्यावारी नेता येत नाही. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने २०२२ मध्ये इंटरनेटवरून जमवलेली सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्ये सर्वांसाठी खुली केली. काम मोलाचेच आहे. पण त्यातली बहुतांश वाक्ये बातम्यांची आहेत, आणि यंत्र शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ओळखते. आमच्या सणसर-भवानीनगर भागात ‘कारखाना’ शब्दाचे शेजारी म्हणजे ऊस, टोळी, गाळप. इथे बातमी आणि जगणे जुळते. ‘मशीद’ शब्दाचे बातमीतले शेजारी कोण? वाद, तणाव, बंदोबस्त. वजूचे पाणी, चटया, वर्गणीची वही, सबक संपताच चपला शोधणारी पोरे यांची बातमी होत नाही. (त्या पोरांची घरची दखनी तर छापलीच जात नाही!) म्हणजे यंत्र खोटे शिकले असे नाही. त्याने एकाच प्रकारच्या रावीचे ऐकले. तीच बातमी दहा ठिकाणी उतरवलेली असली आणि कोणी नकला वेगळ्या काढल्या नाहीत, तर त्याच्या लेखी त्या दहा साक्षी.

यावर कोणी म्हणेल, मग आपणही लिहून इंटरनेटवर टाकावे. टाकावेच. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कथा-कवितांत ती वही आणि त्या चपला सापडतील, पण पुष्कळशा कागदावर, कपाटात. तरीही एक पेच उरतोच. वर्गात एखादे पोर मला विचारते, “सर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मला नाव सांगावे लागते, नाहीतर गप्प बसावे लागते. कोट्यवधी वाक्यांचा अर्क काढलेल्या यंत्राने कोणाचे नाव सांगावे?