काचेचे फूल आणि निर्मितीचा दावा

अल्लाहने घडवलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल करणे, ही त्याच्याशी बरोबरी ठरते का? आपल्या समाजात हा प्रश्न जुना आहे. चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला हजरत इब्न अब्बास यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याचा सल्ला दिल्याची हदीस बुखारीत आहे. झाडांपुरती तरी वाट मोकळी आहे. पण मनातल्या घमेंडीचे काय?

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ राहणाऱ्या लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी काचेच्या वनस्पती घडवल्या. ज्योतीवर काच मऊ करायची आणि चिमट्याने पाकळ्या, पराग, केसाएवढे तंतू ओढायचे. १८९५ मध्ये बाप वारला. मुलगा १९३६ पर्यंत एकट्याने काम करत राहिला. सुमारे ४,३०० नमुने झाले.

त्यांत रोग पडलेली, सडू लागलेली फळेही आहेत. नासक्या नासपतीवरचा डागही रुडॉल्फने फुलाइतक्याच निगुतीने घडवला. बरोबरीची हौस असती तर त्याने निर्दोष फळेच निवडली असती. त्याने समोर जे होते ते पाहिले आणि तसेच दाखवले.

त्या फुलांना वास नाही, त्यांत बी धरत नाही. आपला हात कुठे थांबतो, हे घडवणाऱ्याला रोज दिसत असणार. मला वाटते, गुनाह असलाच तर तो दाव्यात आहे. इतक्या बारकाईने पाहणाऱ्याला तो दावा करणे जड जाते.