डासाशी आमचे वैर किती?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारच्या शाळेतील मुलांना घेऊन आम्ही संध्याकाळी सभागृहात बसलो होतो. वीज गेली, पंखे थांबले आणि डासांनी आपले काम सुरू केले. इकडून तिकडून चापट्यांचा आवाज येऊ लागला. तेवढ्यात नुकतीच हिवतापातून उठलेली एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "काका, जगातले सगळेच्या सगळे डास एकदम मारता आले, तर मारावेत का?" बाकीची मुले एका सुरात ओरडली, "मारावेत!" फक्त एक लहानगा म्हणाला, "मग बेडूक काय खातील?" सगळे हसले. आम्हीही हसलो आणि प्रश्न तेथेच सोडून दिला.

परंतु घरी आल्यावर त्या हसण्याची आम्हांला लाज वाटली. त्या मुलीचा चेहरा अजून फिकट होता. पंधरा दिवस ती थंडीने कुडकुडली होती आणि तापाने फणफणली होती. तिने गंमत म्हणून विचारले नव्हते. तिला उत्तर मिळावयास हवे होते.

आम्ही राहतो त्या सिकंदराबादेशी या प्रश्नाचे जुने नाते आहे. येथून जवळच, बेगमपेठेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली एका डासाचे पोट उघडून पाहिले आणि त्यात त्याला हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली. पुढे १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. रॉसचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तथापि, तो डास ज्याचे रक्त प्याला होता त्या हुसेन खान नावाच्या रोग्याची आठवण फार थोड्यांना असते. अंगावर डास चावू देण्याबद्दल त्याला डासामागे एक आणा मिळे.

या घटनेचा अर्थ आपण सहसा उलटा लावतो. डासाने माणसाला रोग दिला, एवढेच आपण ध्यानात ठेवतो. पण त्या दिवशी रॉसने जे पाहिले ते काय होते? हुसेन खानच्या रक्तातील जंतू डासाच्या पोटात गेला होता. म्हणजे माणसाने डासाला रोग दिला होता. डास जन्मतः हिवतापाचा जंतू घेऊन येत नाही. आजारी माणसाला चावल्यावरच तो त्याच्या अंगात शिरतो. या साखळीत आपणही एक कडी आहोत.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी माणसाचा हिवताप पसरवतात त्या केवळ ॲनॉफेलिस कुळातील काही जाती. त्यातही नर कधीच चावत नाही. तो फुलांच्या व झाडांच्या रसावर जगतो. मादीदेखील पोट भरण्यासाठी बहुधा हाच रस घेते. रक्त तिला लागते ते अंडी तयार होण्यासाठी. आपल्या अंथरुणाशी गुणगुणत येते ती एक आई असते, आणि आपले मूल वाचवू पाहणारी दुसरी आई तिला टाळी मारून चिरडते. येथे आम्ही दुसऱ्या आईच्या बाजूने आहोत, हे स्पष्टच सांगतो. मुलाच्या पाळण्यावर मच्छरदाणी लावणे, भिंतीवर औषध फवारणे, आलेला डास मारणे यांत पाप आहे असे आम्हांला वाटत नाही. ज्यांचे स्वतःचे मूल तापाने तळमळत नाही त्यांनी जीवदयेचे पाठ इतरांना देऊ नयेत.

पण त्या मुलीचा प्रश्न एका डासाचा नव्हता, सगळ्या डासांचा होता. आणि आता तो नुसता कल्पनेचा राहिलेला नाही. २०१८ साली लंडनमधील संशोधकांनी आफ्रिकेतील ॲनॉफेलिसच्या एका जातीच्या आनुवंशिक गुणांत असा बदल केला की तो पिढीमागून पिढी पसरत गेला, माद्या वांझ होऊ लागल्या, आणि प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांतील डासांची वसाहत सात ते अकरा पिढ्यांत संपली. जे पिंजऱ्यात झाले ते बाहेर करावे काय, हा आज खरोखरीचा प्रश्न आहे.

काहीजण म्हणतील, यात विचार कसला करायचा? देवीचा रोग आपण पृथ्वीवरून नाहीसा केला, १९८० साली तशी घोषणा झाली, तेव्हा कोणी शोक केला? हा मुद्दा योग्य आहे, पण तो हिवतापाच्या जंतूला लागू पडतो, डासाला नाही. देवीच्या विषाणूला माणसाच्या आजारावाचून दुसरे जगणेच नव्हते. मारक हिवतापाच्या जंतूचेही जवळजवळ तसेच आहे. डासाचे तसे नाही. त्याच्या अळ्या मासे खातात, उडते डास चतुर, कोळी आणि वटवाघळे खातात. आपल्याला त्रास देणे हे त्याच्या जीवनाचे प्रयोजन नाही. आपण त्याच्या वाटेत येतो, तो आपल्या वाटेत येतो, इतकेच. त्या लहानग्याचा बेडकाविषयीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

मग जंतू घालवायचा तर डास घालवलाच पाहिजे काय? अनुभव याच्या विरुद्ध आहे. इटली १९७० साली हिवतापमुक्त ठरली. शेजारच्या श्रीलंकेला २०१६ साली तसे प्रमाणपत्र मिळाले. दोन्ही देशांत ॲनॉफेलिस डास उरले, हिवताप गेला. आजारी माणूस लवकर शोधला, त्याच्या रक्ताची तपासणी केली, त्याला पुरते औषध दिले, म्हणजे डासाला उचलून न्यावयास जंतूच मिळत नाही. साखळीतील माणसाची कडी सांभाळली की डासाची कडी निरुपद्रवी होते.

आपल्या देशाने हा धडा अर्धाच गिरवला. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. डीडीटी फवारणारी माणसे घरोघर येत व गेरूने भिंतीवर तारीख लिहून जात, हे आमच्या वयाच्या अनेकांना आठवत असेल. १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या लाखावर आली. विजय झाला असे वाटले, देखरेख सैल झाली, औषधाला दाद न देणारे डास निपजले, आणि १९७६ साली हा आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलरला १९४८ साली नोबेल मिळाले होते आणि त्या भुकटीने असंख्य जीव वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण शेतांत तिचा बेसुमार वापर झाला, आणि तेथेही कीटक तिला सरावले. शस्त्रावर विसंबून आपण स्वतःचे काम सोडून दिले, हीच खरी चूक.

आणि घरचे काय? आमच्या भागात हिवताप पसरवणारी एक जात विहिरींत आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत वाढते. डेंग्यूचा डास कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, टाकून दिलेल्या टायरमध्ये वाढतो. अंड्यापासून डास व्हावयास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य खाते सांगते. त्या संध्याकाळनंतर आम्ही सभागृहाच्या गच्चीवर चढून पाहिले. टाकीचे झाकण कित्येक महिन्यांपासून फुटलेले होते, आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. ते झाकण बदलावयाचे काम आमच्याकडेच होते. त्या मुलीला चावलेला डास तेथलाच होता असे आम्ही म्हणू शकत नाही. नव्हता असेही म्हणू शकत नाही.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो आम्ही लपवणार नाही. २०२३ साली जगात सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने मेली. त्यांतील बहुतेक आफ्रिका खंडातील लहान मुले होती. झाकणे बदला, हे त्यांच्या आयांना सांगणे पुरेसे आहे काय? नाही. त्यांना मच्छरदाण्या, औषधे आणि आता निघालेल्या लशी मिळाल्या पाहिजेत. त्यांपैकी एक लस आपल्या पुण्यातच तयार होते. एवढे करूनही मुले मरत राहिली, आणि तेथील लोकांनीच समजून-उमजून ठरवले की आपल्या गावातील ती एक जात जावी, तर आम्ही येथून बोट उगारणार नाही. मात्र ते शेवटचे पाऊल असावे, पहिले नव्हे. आणि ते जड अंतःकरणाने उचललेले असावे. कारण एक डास मारला तर दुसरा येतो, पण एक जात गेली तर ती परत आणणे आपल्या हातात नाही. जे आपण घडवले नाही ते कायमचे पुसताना हात कापला पाहिजे.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलीला उत्तर दिले. "तुला चावायला आलेला डास जरूर मार. पण सगळ्यांना मारण्याआधी आपण आपली टाकी झाकू." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग चला ना, काका." तेव्हा आम्ही नवे झाकण घेऊन मुलांसह गच्चीवर गेलो.