नुकसान किती आणि कोणाचे?

गेल्या जून महिन्यात आमच्या बेळगावातील मंडळीने संडे स्कूलसाठी एक पेटी मागवली. दुकानात बसावे, भाता ओढावा, सूर ऐकावेत आणि मग पेटी घ्यावी, ही जुनी रीत. आता मोबाईलवर चित्र पाहून वस्तू घरपोच येते. किंमत नऊ हजार सहाशे रुपये, तीही आधी भरलेली. हे पैसे मुलांच्या अर्पणाच्या डब्यातून व हंगामाच्या सणातील लिलावातून वर्षभरात जमले होते. रक्कम लहान की मोठी, हे ज्याने त्याने आपल्या मंडळीच्या जमाखर्चावरून ठरवावे.

पेटी भर पावसात आली. खोक्याचा एक कोपरा दबलेला होता. आत पाहिले तर त्याच बाजूचे लाकूड चिरले होते आणि भात्याला फट पडून हवा गळत होती. त्याच संध्याकाळी आम्ही खोक्याची व पेटीची छायाचित्रे घेतली. हे एक काम आमच्या हातून वेळेवर झाले. दुसरे मात्र चुकले. तक्रार दोन दिवसांत करू म्हणून पेटी सभागृहात उघडीच ठेवली, आणि रविवारी मुलांच्या धक्काबुक्कीत तिची एक पट्टी तुटली.

मग कमिटी बसली. बाजारातील कारागिराने दुरुस्तीचा अंदाज दिला होता : भात्याचे अकराशे, कोपरा सांधण्याचे तीनशे, पट्टीचे साडेतीनशे, एकूण सतराशे पन्नास. तक्रारीच्या मसुद्यात तिन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या. कोणी मुद्दाम लबाडी केली असे नव्हे. मोडलेली पेटी समोर होती, सगळे मोडलेले एकाच यादीत आले, एवढेच. एका सभासदांनी मनस्तापाबद्दल पाच हजार लिहायला सुचवले. कंपनी मोठी आहे, तिला काय जाणवणार, असे त्यांचे म्हणणे. उलट एक वृद्ध वडील म्हणाले, ‘‘जाऊ द्या. ख्रिस्ती माणसाने एवढ्यासाठी भांडू नये.’’

मसुदा वाचला जात असता एक आठ वर्षांचा मुलगा आईची वाट पाहत दाराशी उभा होता. तो आपल्या शिक्षिकेला म्हणाला, ‘‘बाई, ती पट्टी माझ्या हातून तुटली ना? मग त्यांनी का द्यायचे?’’

त्यावर कोणी काही बोलले नाही. ज्या मुलांना आम्ही दर रविवारी खऱ्याखोट्याचे धडे देतो, त्यांच्यासाठीच ही पेटी होती.

वडिलांचे म्हणणे आधी घेऊ, कारण मंडळ्यांमध्ये ते वारंवार ऐकू येते. अन्याय सोसावा, नाडले जाणे पत्करावे, असे पौलाने करिंथकरांना लिहिले हे खरे. पण तेथे भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता. बंधुत्व मोडू नये म्हणून आपला हक्क सोडा, असा तो बोध आहे. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. स्वतःच्या खिशातले सोडून देणे याला उदारपणा म्हणता येईल. मुलांनी रुपया-रुपया टाकून जमवलेले पैसे आम्ही सोडून दिले, तर तो उदारपणा कोणाचा? विश्वस्ताला दुसऱ्याच्या ठेवीवर दानशूर होता येत नाही. शिवाय, खरे सांगायचे तर, अशा वेळी ‘जाऊ द्या’मागे पुष्कळदा क्षमा नसतेच, पत्रव्यवहाराचा कंटाळा असतो. फिलिप्पै येथे चौकशीवाचून फटके मारलेल्या पौलाने गुपचूप निघून जाण्यास नकार दिला आणि अधिकाऱ्यांनी स्वतः यावे असे सांगितले. आपला रास्त हक्क मागणे त्याला कमीपणाचे वाटले नाही.

तर मागावे, हे ठरले. किती मागावे, हा कठीण भाग. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातील नियम आपण बहुधा भराभर वाचून पुढे जातो, पण ते नेमके याच प्रश्नावर आहेत. शेजाऱ्याकडे राखायला दिलेले जनावर हिंस्र पशूने फाडले, तर राखणाऱ्याने त्याचे उरलेले अवशेष पुराव्यासाठी आणून दाखवावेत; मग त्याला भरपाई नाही. मागून नेलेले जनावर धन्याच्या गैरहजेरीत जखमी झाले किंवा मेले, तर नेणाऱ्याने भरून द्यावे; धनी सोबत असेल तर नको; भाड्याने नेले असेल तर ते भाड्यात आले. म्हणजे वस्तू बिघडली एवढे पाहून तेथे थांबत नाहीत. ती बिघडली तेव्हा कोणाच्या ताब्यात होती, सोबत कोण होते आणि पुरावा काय, हे विचारतात. आमची छायाचित्रे म्हणजे ते फाडलेले जनावरच म्हणा ना! भाता आणि कोपरा वाटेत मोडला. पट्टी आमच्या छपराखाली मोडली.

ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल यानेही आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात असेच म्हटले आहे. एकाकडून जेवढे गेले तेवढेच परत त्याच्याकडे यावे. नुकसान करणारा भला की बुरा, हे त्या हिशेबात धरायचे नाही. कंपनी श्रीमंत आहे हा मुद्दाही मग त्या हिशेबात बसत नाही. आणि ती रक्कम खरोखर कंपनीच्याच तिजोरीतून जाते असे तरी कोठे आहे? अशा बाजारपेठेवर विकणारा पुष्कळदा एखादा लहान कारखानदार असतो. परत आलेल्या मालाचा भुर्दंड त्याच्यावर पडू शकतो. कधी पोचवणाऱ्या पोराकडे बोट दाखवले जाते.

मनस्तापाबद्दल म्हणाल, तर खरा त्रास झाला असेल तर ग्राहक आयोग त्याचीही भरपाई देतो, आणि त्यात गैर काही नाही. आमचा पाच हजारांचा आकडा मात्र त्रास मोजून काढलेला नव्हता. ‘जास्त मागा, मग थोडे तरी मिळेल’ या हिशेबाने काढलेला होता. घेताना मालाला नावे ठेवणारा आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारणारा गिऱ्हाईक नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात आहे. तो आम्हांला फार ओळखीचा वाटला.

आता कायद्याचे थोडे, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी व एका महिन्यात निवारण करावे. सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. १९१५ या क्रमांकावर सरकारी मदत मिळते. तेवढ्याने न भागल्यास आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला शुल्क नाही. ही सोय वापरणे म्हणजे कज्जेदलाली नव्हे.

आम्ही नवे पत्र लिहिले. चौदाशे रुपये मागितले. आणि एक पट्टी आमच्याकडे मोडली, तिचा खर्च मागत नाही, असेही लिहिले. या वाक्यावरून कमिटीत पुन्हा वाद झाला. पट्टीचे पैसे न मागणे पुरे, ती मोडली हे सांगायची गरज काय, असे सेक्रेटरींचे मत होते. पण सोबत पाठवायच्या नव्या छायाचित्रांत ती दिसत होतीच. तिच्याविषयी मौन पाळले असते तर वाचणाऱ्याने ती त्यांच्याच खात्यात धरली असती, आणि तसे त्याने धरावे हे आम्हांला चालले असते. न बोललेले खोटे म्हणतात ते हेच.

सेक्रेटरींची भीती खरी ठरली. कंपनीने लगेच ते वाक्य पकडले : पट्टी तुमच्याकडे मोडली, तर भाताही तेथेच फाटला नसेल कशावरून? आणि पाचशे रुपयांचे कूपन देऊ केले, जे त्यांच्याकडेच खर्चायचे. आमच्यापैकी काही जण चिडले, आणि खरेपणाचे हेच फळ का, असेही बोलले गेले. त्यांना द्यायला आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. पोचल्या दिवशीची छायाचित्रे होती, ती आम्ही तारखेसह तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पाठवली. त्यांत भात्याची फट आहे आणि सगळ्या पट्ट्या शाबूत आहेत.

आठवड्याने भात्याचे अकराशे मान्य झाले व पैसे खात्यात आले. कोपऱ्याचे तीनशे ते अद्याप मान्य करीत नाहीत. ती किरकोळ खरचट आहे म्हणतात. दबलेल्या खोक्याचे छायाचित्र जोडून आम्ही आणखी एक पत्र धाडले आहे, आणि त्याचेही उत्तर न आल्यास १९१५ वर नोंद करण्याचे ठरले आहे. पट्टीचे साडेतीनशे कमिटीने आपसांत वर्गणी काढून भरले, कारण पेटी उघडी ठेवणारे आम्हीच होतो. त्या मुलाने दहा रुपये आणले होते. शिक्षिकाबाईंनी ते परत करावेत असे आमच्यातील काहींना वाटले. बाईंनी ते घेतले आणि त्याला पावती दिली.