बाईंचा पगार

दिवाळीच्या आधीची गोष्ट. माझ्या दोन साड्या फॉल-पिकोला दिल्या होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक बाई हे काम करतात. रात्री साडेनऊला त्या साड्या घेऊन आल्या. साडीला ऐंशी रुपये, दोन साड्यांचे एकशे साठ. मी सवयीनं म्हटलं, "दीडशे घ्या की हो." त्यांनीही सवयीनं घेतले. निघताना पिशवी उचलली तेव्हा आत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिसला. "घरी जाऊन तपासायच्यात अजून," म्हणाल्या.

या बाई म्हणजे माझ्या नातीच्या वर्गशिक्षिका.

खरं सांगायचं तर त्या रात्री मी त्यांना दोन शब्द सुनावणार होते. नात तिसरीत. पुस्तकातला धडा ओळीवर बोट ठेवून धडाधड म्हणून दाखवते. त्याच आठवड्यात मी तिला कॅलेंडरच्या मागची शंकरपाळ्यांची कृती वाचायला सांगितली, मला चष्मा सापडत नव्हता म्हणून. ती 'मैदा' या शब्दाशीच अडली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पोरगी वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. मला राग आला. महिन्याच्या महिन्याला फी भरतो, आणि तिसरीतल्या मुलीला चार ओळी वाचता येऊ नयेत?

म्हणून विचारलंच. "बाई, हिला वाचता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे काय?"

"ठाऊक आहे काकू. वर्गात सत्तेचाळीस आहेत. त्यातल्या एकोणीस जणांना येत नाही. नावं सांगू?" आणि त्यांनी बोटांवर मोजत नावं सांगितलीही. कोण जोडाक्षराशी अडतं, कोण काना-मात्रेशी, सगळं त्यांना पाठ होतं.

"मग?"

"मग काय? पुस्तक संपवायचं असतंय. पाठ झाला की टाचणवहीत तारीख घालायची, सही घ्यायची. पाठ संपला का ते बघतात. पोराला आला का ते कोण बघतंय?"

पगार विचारायचं धाडस मला त्या रात्री झालं नाही. तो मला माहीतच होता. मी त्या शाळेच्या समितीवर महिला प्रतिनिधी आहे. महिना नऊ हजार, वर्षाचे अकरा महिने. मे महिन्याचा नाही, कारण मे महिन्यात शाळा नसते. त्या ठरावावर माझीही सही आहे.

पुढच्याच महिन्यात शिक्षकांचा अर्ज समितीपुढे आला. पगार बारा हजार करावा आणि मे महिन्याचा मिळावा. आमचे एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, शांतपणे बोलले. माणूस वाईट नाही; शाळेसाठी उन्हातान्हात वर्गणी गोळा करत फिरलेला आहे. त्यांचे मुद्दे तीन होते. पहिला, हे ज्ञानदानाचं काम आहे, त्यात पैशाची भाषा शोभत नाही. दुसरा, सरकारी शाळेत पन्नास-साठ हजार पगार आहेत, तिथली सगळी पोरं वाचतात काय? मग पगार वाढवून शिक्षण सुधारतं हे कुणी सांगितलं? तिसरा, फी वाढवली तर ज्या आया दिवसभर बिड्या वळून पोराची फी भरतात त्यांनी काय करायचं?

मी गप्प बसले. अर्ज 'विचाराधीन' झाला.

घरी आल्यावर मात्र दुसरा मुद्दा डोक्यातून जाईना. माझा भाचा अर्थशास्त्र शिकवतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, तुझे अण्णा अगदीच चूक नाहीत." आणि त्यानं मला इंडोनेशियाची हकिकत सांगितली. त्या देशानं 2005 साली कायदा करून शिक्षकांना पात्रता-प्रमाणपत्र मिळालं की मूळ पगाराइतका भत्ता द्यायचं ठरवलं. म्हणजे पगार जवळजवळ दुप्पट. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 360 शाळा घेतल्या. त्यांतल्या 120 शाळांतल्या पात्र शिक्षकांना हा भत्ता लवकर मिळेल अशी सोय केली आणि बाकीच्या शाळांशी तुलना केली. शिक्षक समाधानी झाले, त्यांची पैशाची ओढाताण कमी झाली, जोडधंदे कमी झाले. पण दोन-तीन वर्षांनी मुलांच्या परीक्षा घेतल्या, तर दोन्हीकडे फरक नव्हता.

आपल्याकडचं चित्रही तसं जुनंच आहे. 'असर' नावाचं सर्वेक्षण 2005 पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतं. पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही, असं ते वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. या काळात सरकारी शिक्षकांचे पगार वाढतच गेले.

भाच्यानं दुसरी हकिकत सांगितली ती मुंबई आणि वडोदऱ्याची. 'प्रथम' या संस्थेनं तिथल्या महापालिकेच्या शाळांमध्ये बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतल्याच मुली, बहुतेक दहावी-बारावी शिकलेल्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं त्या रोज दोन तास वेगळी बसवायच्या आणि त्यांना वाचन नि बेरीज-वजाबाकी पहिल्यापासून शिकवायच्या. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो वगैरे मंडळींनी याची नीट तपासणी केली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. आणि बालसखीला महिन्याला मिळायचे पाचशे ते साडेसातशे रुपये.

हे ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. म्हणजे हिशेब असा झाला: पगार दुप्पट केला, शिकणं वाढलं नाही. साडेसातशे रुपये दिले, शिकणं वाढलं. अण्णांना हे कळलं तर ते म्हणतील, नऊ हजार तरी कशाला देता? आणि निकाल हीच फूटपट्टी धरली तर त्यांना उत्तर काय द्यायचं?

इथेच मला माझी चूक कळली. आम्ही सगळेच, शिक्षकांच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, दोन वेगळे प्रश्न एकाच दाव्याला बांधत होतो. माणसाच्या श्रमाचं त्याला काय द्यायचं, हा न्यायाचा प्रश्न आहे. मुलाला वाचायला कसं यावं, हा पद्धतीचा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यातून मिळत नाही, दुसऱ्याचं पहिल्यातून मिळत नाही. माझ्याकडे भांडी घासणाऱ्या अक्काला मी पगार देते तो भांडी जास्त चकचकीत व्हावीत म्हणून नाही. ती दोन तास राबते म्हणून देते. भांडी नीट निघाली नाहीत तर तिला सांगते, घासणी बदलून देते. पगार अर्धा करत नाही.

वडोदऱ्यात मुलं शिकली ती बालसखी स्वस्त होती म्हणून नाही. मूल जिथे अडलं होतं तिथून शिकवणं सुरू झालं, म्हणून शिकली. आमच्या बाईंना एकोणीस नावं पाठ आहेत, पण त्या एकोणीस जणांसाठी वेळापत्रकात एक तासही नाही. त्यांचा पगार उद्या दुप्पट केला आणि टाचणवही तीच ठेवली तर इंडोनेशियात झालं तेच इथे होईल. आणि एक गोष्ट त्या अभ्यासात दिसणं शक्यच नव्हतं. तिथे आहेत त्याच शिक्षकांना जास्त पैसे मिळाले. पगार चांगला असेल तर दहा वर्षांनी या कामाकडे कोण वळेल, हे दोन-तीन वर्षांत कळत नाही. आमच्या शाळेतून तीन वर्षांत चार शिक्षिका गेल्या. एक तर कपड्याच्या दुकानात लागली, तिथे अकरा हजार मिळतात म्हणून.

आता अण्णांचा पहिला मुद्दा, ज्ञानदानाचा. आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं सांगितली आहेत. पण दान देणाऱ्यानं आपणहून द्यायचं असतं. दशलक्षण पर्वात आम्ही बायका रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. अहिंसाव्रताला दोष लावणाऱ्या गोष्टी तिथे मोजून सांगितल्यात. त्यांत मारणं-बांधणं आहेच. पण झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं आहे, आणि आपल्यावर अवलंबून असलेल्याचं अन्नपाणी अडवणं आहे. इतकी वर्षं मी ते बैलाबद्दल, गाईबद्दल वाचत आले. सत्तेचाळीस मुलांचा वर्ग आणि मे महिन्याचा कापलेला पगार माझ्या डोळ्यांपुढे कधी आला नाही.

त्याच अध्यायात अचौर्यव्रताचे दोष आहेत. देताना माप कमी, घेताना जास्त, हा त्यातलाच एक. हा दोष दोन्ही बाजूंना लागू होतो, हेही म्हटलं पाहिजे. कागदावर पूर्ण पगाराची सही घेऊन हातात अर्धाच ठेवणाऱ्या संस्था माप मारतात. तसंच पूर्ण पगार घेऊन वर्गात मोबाइल बघत बसणारा शिक्षकही मुलाचं माप मारतो. त्याला जाब विचारायलाच हवा. पण पूर्ण माप देणाऱ्यालाच तो जाब विचारता येतो. आम्ही नऊ हजार देतो आणि म्हणून विचारायलाही कचरतो. असं आमचं दोन्हीकडून नुकसान.

अण्णा भाषणात नेहमी कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेतात. कुंभोजचा जन्म, जैन घर, 1919 साली काढलेली रयत शिक्षण संस्था. आपल्या भागाला त्यांचा अभिमान वाटणं साहजिक आहे. मला मात्र त्यांच्या आधी लक्ष्मीबाई आठवतात. साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांच्या पोटाची अडचण झाली तेव्हा या माउलीनं अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. पण दागिने तिचे स्वतःचे होते. स्वयंपाकीणबाईच्या हातातल्या बांगड्या काढून तिनं त्याला त्याग म्हटलं नाही. त्याग स्वतःचा असतो. दुसऱ्याकडून करून घेतला की तिला वसुली म्हणायचं.

जानेवारीच्या सभेत मी हे सगळं इतक्या सरळपणे बोलले असं नाही. आवाज कापत होता. अण्णांचा तिसरा मुद्दा तर मला आजही खोडता येत नाही. बिड्या वळणाऱ्या आईकडून घेऊन बाईंना द्यायचं, म्हणजे एका गरिबाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात. मी रौप्यमहोत्सवी कमानीचा विषय काढला. सहा लाखांची कमान ठरली होती. खजिनदार म्हणाले, "वहिनी, कमान एकदाच होते, पगार दर महिन्याला असतोय." बरोबरच होतं ते. पण कमानीला देणगीदार सापडतात आणि पगाराला का सापडत नाहीत, याचं कारण सभेतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. पगारावर नावाची पाटी बसवता येत नाही.

शेवटी ठरलं ते थोडंच आहे. मे महिन्याचा पगार सुरू होईल. दीड हजार वाढ मिळेल, तीन नाही. कमान दोन वर्षं पुढे गेली. त्यासाठी कबूल केलेली देणगी तीन घरांनी शिक्षक निधीकडे वळवली, बाकीच्यांनी नाही. आणि दुसरी ते पाचवीची मुलं रोज शेवटचा तास इयत्तेप्रमाणे न बसता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतील. त्या तासाची तारीख टाचणवहीत घालायची नाही. महिन्यातून एकदा मुलाला नवा उतारा वाचायला द्यायचा, एवढंच बघायचं.

त्या तासाला मीही जाते. काना-मात्रेशी अडणारी आठ मुलं माझ्याकडे आहेत. मी पैसे घेत नाही, कारण माझं घर त्यावर चालत नाही. हे माझं दान, झेपेल तेवढं. बाईंच्या पगाराच्या बदल्यात नाही. उद्या कुणी "काकू फुकट शिकवतात की" म्हणून त्यांची वाढ अडवली तर मी त्या दिवशी घरी बसेन, हे सभेत सांगून ठेवलंय.

आपल्यापैकी पुष्कळ जणी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या समितीवर असतात, नाहीतर आपले यजमान, सासरे, दीर असतात. पुढच्या सभेला एवढंच विचारा: आपल्या बाईंना मे महिन्यात काय मिळतं? आणि मग वर्गात जाऊन कुठल्याही पोराला पुस्तकाबाहेरच्या चार ओळी वाचायला सांगा. पण दोन्ही विचारा. एकाचं उत्तर वाईट आलं म्हणून दुसरा प्रश्न सोडून देऊ नका.

संक्रांतीला साडीला फॉल लावून घेतला. ऐंशी रुपये झाले. ऐंशी दिले. दिवाळीचे दहाही द्यायला गेले, तर बाई हसून म्हणाल्या, "राहू दे हो काकू, तेवढं चालतंय." मी ते त्यांच्या पिशवीत टाकून आले.