खांदा आणि पावती

परभणी जिल्ह्यातच कोर्टात कारकून म्हणून माझी नोकरी झाली. गोदाकाठचा हा मुलूख उसाचा, त्यामुळे गाळप हंगामात ऊस ओढणाऱ्या बैलांचीही प्रकरणं टेबलावर यायची. गाडीवान उभा राहायचा, गुन्हा कबूल म्हणायचा, दंड भरायचा. मी पावती फाडायचो. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० चा. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. मी निवृत्त झालो तेव्हाही आकडा तोच होता.

बैल मात्र कोर्टात कधी दिसला नाही. तो पंचनाम्यात असायचा. एक पंचनामा अजून डोळ्यांपुढे आहे : जू बसतं तिथलं कातडं तळहाताएवढं सोलून निघालेलं, वर चाकाचं वंगण फासलेलं, आणि त्याच खांद्यावर पुन्हा जू.

माणसाला मारलं तर त्याच्या पाया पडता येतं. ‘जा, सोडलं तुला’ असं तो म्हणू शकतो. बैल काय म्हणणार? ज्याचं दुखलं त्याच्याकडून क्षमा मिळण्याची सोयच नसेल, तर शिक्षेने अपराध फिटला हे कुणी ठरवायचं?

पराशरस्मृती या प्रश्नाच्या बरीच जवळ गेली होती. आठ बैलांचा नांगर धर्माचा, चारांचा निर्दयांचा आणि दोनांचा बैल मारणाऱ्यांचा, इतकं कडक ती बोलते. गाय कोंडल्याने मेली, बांधल्याने, जुंपल्याने की मारल्याने, त्याप्रमाणे प्रायश्चित्त पाव, अर्धं, पाऊण, पुरतं. पण ही सगळी करणाऱ्याच्या शुद्धीची व्यवस्था. जनावराच्या पदरात त्यातून काय पडतं?

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे खांदेमळण असते. हळद-तुपाने बैलाचे खांदे चोळायचे, उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. वर्षभर जिथे भार टाकला तिथेच हात लागतो. क्षमा मागायची तर अशीच मागावी लागेल, असं मला मनापासून वाटतं.

कायद्यातही ही वाट आहे. कलम ३५ प्रमाणे जनावर बरं होईपर्यंत त्याला उपचारगृहात ठेवण्याचा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात, खर्च मालकाकडून. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे. दोषी ठरवणाऱ्या निकालात दंडाच्या आधी हा हुकूम यायला हवा.

पण मालक म्हणजे कोण? मुकादमाची उचल घेतलेला, पालात राहणारा माणूस. बैल बसला की त्याची चूल बसते. त्याने मारलं असेल तर तो दोषीच, यात मला शंका नाही. मात्र गाडीत ऊस किती होता, हे कारखान्याच्या काट्यावर दिसतं, आणि पिंजऱ्यात उभा असतो एकटा गाडीवान. खांदा भरून येईपर्यंतचा चारा, औषध आणि गाडीवानाची बुडालेली मजुरी ज्याच्या काट्यावर तो ऊस उतरला त्याच्याकडून वसूल करावी.