हसतायत ते कोणाला?

गेल्या मे महिन्यात एडवणला काकांच्या मुलीची हळद होती. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. मांडवात दोनेकशे माणसं, डीजेच्या बॉक्सने छातीत धडधड, आणि तेवढ्यात ‘जिमी जिमी’ लागलं. काका उठले. वय ५६. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत पस्तीसेक वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून शिफ्ट केलेला माणूस. पांढरा सदरा खांद्यापर्यंत हळदीने पिवळा. त्यांनी खिशातला रुमाल काढला, त्याची पट्टी केली आणि कपाळाला बांधली. मग पाय फाकवले, एक हात वर नेला आणि कंबर हलवायला सुरुवात केली.

ते गंमत करत नव्हते. त्यांना तो नाच येत होता, आणि आम्हाला हसू आलं ते नेमकं त्यामुळेच.

मी ३८ सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि ‘आमचा लो बजेट मिथुन’ असं लिहून टाकून दिला. सकाळपर्यंत अकरा हजार लोकांनी तो पाहिला होता. खाली लोक लिहीत होते. कुणी पोटाबद्दल, कुणी रुमालाबद्दल, कुणी ‘गावाकडचे लोक भारी असतात राव’ वगैरे. मी एकेकाला हसरे चेहरे पाठवत होतो.

दोन दिवसांनी मांडव उतरवताना काका माझ्याजवळ आले. हातात फोन होता. आवाजात राग नव्हता, खरंच माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं, “हे लोक हसतायत ते कोणाला रे? मला, का पिच्चरला?”

मी म्हटलं, “पिच्चरला, काका.”

“मग ठीक आहे,” म्हणाले आणि बांबू उचलायला गेले.

मी खोटं बोललो होतो. पण नक्की काय खोटं बोललो, हे कळायला मला पुढे दोन महिने लागले.

‘डिस्को डान्सर’ मी तोपर्यंत सलग पाहिलाच नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांनी नसेल पाहिला. आपल्याला तो तुकड्यांनी माहीत आहे: चकाकणारे कपडे, कपाळाची पट्टी, खाली रंगीत दिवे, दहा-पंधरा सेकंदांचं मीम. जुलैत चार दिवस एडवणला गेलो होतो, पाऊस धो-धो पडत होता. पडवीत काका एकटेच बसले होते. मी म्हटलं, बघू या का? स्टीलच्या डब्याला फोन टेकवून ठेवला आणि आम्ही दोघे बघत बसलो.

सिनेमा १९८२चा. दिग्दर्शक बब्बर सुभाष, संगीत बप्पी लाहिरींचं. नायक मिथुन चक्रवर्ती. हा तोच मिथुन, ज्याला मृणाल सेन यांच्या ‘मृगया’ या १९७६च्या पहिल्याच सिनेमासाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. लेखनाच्या श्रेयात राही मासूम रझा, म्हणजे ‘आधा गाँव’ लिहिणारे आणि पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारता’चे संवाद लिहिणारे. मॅनेजरच्या भूमिकेत ओम पुरी. ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गाणं ज्या आवाजात आहे तो नंदू भेंडेंचा: आत्माराम भेंडेंचा मुलगा, मराठी घरातून आलेला रॉक गायक, मुंबईत अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झालेला. सांगायचं एवढंच की या सिनेमामागची माणसं अडाणी नव्हती. आपण ज्याला हसतो ते न कळता झालेलं आहे, असं समजण्यात आपलाच एक आराम असतो.

आता गोष्ट. मुंबईच्या रस्त्यावर गाऊन पोट भरणारा एक पोरगा. श्रीमंत घरातल्या मुलीसोबत तो गिटार वाजवतो आणि गोष्ट चोरीच्या आळावर जाते. त्या आळापायी त्याच्या आईला तुरुंगात जावं लागतं, मग वस्तीत राहणं अशक्य होतं. पोरगा मोठा होऊन डिस्कोचा बादशहा होतो. ज्या शेठने हे केलं तो त्याच्या गिटारमध्ये पाच हजार व्होल्टचा करंट सोडतो, आणि ती गिटार त्याच्याऐवजी त्याची आई धरते. आई मरते. त्यानंतर पोराला गिटारची भीती बसते आणि आंतरराष्ट्रीय डिस्को स्पर्धा तर तोंडावर आलेली असते.

हे वाचताना तुमच्या ओठाचा एक कोपरा हलला असणार. माझाही हलला. मी चोरून काकांकडे पाहिलं, कारण गिटारचा प्रसंग आला होता आणि मला कसं बसावं ते कळत नव्हतं. हसलो तर त्यांना लागेल, गंभीर बसलो तर ते नाटक होईल.

तर काकाच फुटले. “पाच हजार व्होल्ट? आणि फ्यूज नाही उडाला?” पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वायरिंग कशी असायला हवी होती ते मला हाताने दाखवून सांगितलं. मग डोळे पुसता पुसता पडद्यावर मेलेल्या आईकडे पाहून म्हणाले, “पण वाईट मेली हां ती.” आणि गप्प झाले.

हे दोन्ही एकाच माणसात, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने झालं.

पुढे त्यांनी सांगितलं. त्यांनी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो १९८४ साली, पंधराव्या वर्षी. गणपतीत वर्गणी काढून सफाळ्याहून टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. ओटीवर टीव्ही, अंगणात गाव. एका रात्रीत तीन सिनेमे, हा तिसरा. आईला पकडून नेतात तो भाग आला तेव्हा माझी आजी उठून आत गेली. चुलीवर काहीतरी ठेवलंय म्हणाली. रात्रीचे दोन वाजून गेले होते, चुलीवर काही असायचं कारण नव्हतं. आजी तेव्हा दुसऱ्यांच्या वाडीत रोजाने जायची. “ती का उठली ते मी कधी विचारलं नाही,” काका म्हणाले. मग जरा वेळाने, “दुसऱ्या दिवसापासून मी नाच शिकायला लागलो.”

मला एवढंच कळलं की त्या अंगणात बसलेल्यांना ही गोष्ट अचाट वाटली नव्हती. करंटची गिटार अचाट असेल. पण मोठ्या घरातल्या वस्तूला गरिबाच्या पोराचा हात लागला की संशय आधी येतो आणि विचारपूस मागाहून होते, हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं. सिनेमाचा सगळा चकचकाट एका अपमानावर उभा आहे. तो अपमान आपल्या ओळखीचा असेल तर बाकीचं आपण चालवून घेतो. नसेल तर बाकीचंच फक्त दिसतं.

‘इतकं वाईट की छान वाटतं’ अशा आवडीला इंग्रजीत ‘कॅम्प’ म्हणतात. सुझन सोनटॅगने १९६४मध्ये त्यावर ५८ टिपणांचा एक प्रसिद्ध निबंध लिहिला. तिच्या म्हणण्याचा एक भाग असा की अस्सल कॅम्प ठरवून होत नाही. करणारा मनापासून गंभीर असतो आणि ते गांभीर्य त्याच्या हातून निसटतं. तिला त्यात तुच्छता नाही, माया दिसते. मला हे वाचून हायसं वाटलं होतं. म्हणजे मी काकांवर मायेनेच हसलो होतो तर!

पण मग ते वाक्य मी त्यांच्यासमोर का वाचू शकलो नसतो?

भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. आज ही उतरंड आपल्याला पटणार नाही. आवाज मोठा झाला म्हणून हसणं हलकं होत नाही. काका तर अतिहसितच करत होते. पण हसण्याला प्रकार असतात, आणि त्यातला कुठला आपण करतोय हे विचारता येतं, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. मला वाटतं, प्रश्न आवाजाचा नाही. हसणारा कुठे उभा आहे, हा प्रश्न आहे.

दोन उदाहरणं देतो, दोन्ही डिस्कोचीच. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या एका बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला गेला आणि हजारो लोक मैदानात घुसले. वरून तो विनोद होता, एका रेडिओवाल्याची जाहिरातबाजी. पण अमेरिकेतलं डिस्को वर आलं होतं ते कृष्णवर्णीयांच्या, लॅटिनोंच्या, समलिंगी लोकांच्या नाइटक्लबांतून. त्या रात्री नुसतं संगीत उडवलं जात होतं का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय. ‘आम्ही फक्त गाण्यांना हसतोय’ हे उत्तर तिथेही दिलं गेलं होतं. माझ्यासारखंच.

दुसरं उदाहरण २०२२चं. कोविडच्या कडक टाळेबंदीत चीनमधले लोक ‘जिमी जिमी’ लावून व्हिडिओ करत होते. ‘जिए मी’ याचा चिनी भाषेत अर्थ होतो ‘तांदूळ उसने द्या’. लोक रिकामी भांडी कॅमेऱ्यासमोर धरून नाचत होते. तेही हसणंच. पण भांडं त्यांचं स्वतःचं होतं.

माझ्या व्हिडिओत माझं काय होतं? काहीच नाही. मी कॅमेऱ्याच्या मागे होतो. अंधेरीच्या ऑफिसात बसणारा, सफाळ्याला उतरून एडवणची गाडी पकडणारा मी त्या चार शब्दांतून अकरा हजार लोकांना सांगत होतो की बघा, मी इथला आहे, पण यांच्यातला नाही. मला गाव दाखवायचं होतं आणि गावातून निसटायचंही होतं. हसलो की दोन्ही जमतं. गंमत म्हणजे ते गाणं लागल्यावर माझेही पाय हलले होते. व्हिडिओ पुन्हा पाहा, हात थरथरतोय तो त्यामुळे. मला आवडलेलं मी काकांच्या नावावर खपवलं आणि हसणं तेवढं स्वतःकडे ठेवलं.

म्हणून मला हे हसणं अप्रामाणिक वाटतं. त्यात क्रूरपणा असतोच असं नाही. पण त्यात सुख घ्यायचं असतं आणि ते घेतल्याची कबुली द्यायची नसते.

यावर उलट्या बाजूने घसरायलाही वेळ लागत नाही. ‘डिस्को डान्सर ही खरी जनतेची कलाकृती आहे’ असं मी आता लिहिलं तर तेही सोंगच. सिनेमात ढिलाई भरपूर आहे. ‘जिमी जिमी’ची चाल ‘ओटावान’ या फ्रेंच जोडीच्या १९८०च्या गाण्यावरून आलेली आहे, ‘कोई यहाँ नाचे’ची ‘बगल्स’च्या १९७९च्या गाण्यावरून. गरिबांचं म्हणून सगळं थोर मानणं हाही वरूनच खाली पाहण्याचा प्रकार आहे, फक्त आवाज मऊ. सोव्हिएत संघात सुमारे ६ कोटी लोकांनी हा सिनेमा पाहिला. त्यामुळे तो चांगला ठरत नाही. पण एवढी माणसं एका अंगणात बसलेली असताना ‘यांना काही कळत नाही’ म्हणायला जीभ जरा अडखळावी, एवढं तरी होतं.

मग हसायचंच नाही का? हसायचं. काका हसलेच की. पण त्यांचं हसणं फ्यूजची वायर हाताळलेल्या माणसाचं होतं, आणि लगेच आईसाठी थांबणाऱ्या माणसाचंही. मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठरवली आहे: जे लिहितोय ते त्या माणसाच्या पडवीत, त्याच्या शेजारी बसून मोठ्याने वाचता येईल का? आणि त्यात मी कुठे आहे? ही कसोटी सगळीकडे लागू पडणार नाही, हे मला कळतं. सत्ताधाऱ्याची टर उडवताना त्याच्या पडवीची परवानगी कोण घेईल? पण आपण रोज ज्यांना हसतो त्यातले बहुतेक सत्ताधारी नसतात. ते मनापासून नाचणारे लोक असतात.

सिनेमा संपला तेव्हा पाऊस थांबला होता. मी काकांना खरं सांगितलं. म्हटलं, लोक पिच्चरला नाही, तुम्हाला हसत होते. मीही. व्हिडिओ काढून टाकतो.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मला माहीत होतं रे.” आणि मी फोन हातात घेतलेला पाहून, “व्हिडिओ राहू दे. चांगला आलाय. वरती लिहिलंयस ते काढ.”

ते काढलं. मग तिथे दुसरं काहीतरी लिहावं म्हणून बसलो. पंधरा-वीस मिनिटं गेली. विनोद नसलेलं, कुत्सित नसलेलं, उगाच हळवं नसलेलं एक वाक्य मला जमेना. रोज दहा-बारा कॅप्शन लिहिणारा माणूस मी. शेवटी लिहिलं, ‘माझे काका. छान नाचतात.’

त्याला फारसं कुणी पाहिलं नाही. काकांनी मात्र फोन लांब धरून दोनदा वाचलं.